तांब्याभरही नव्हे एवढी हवा

बार्शीत पिकअप दोन कामांना जुंपली जाते. सकाळी ती तुरीची, सोयाबीनची पोती घेऊन मार्केट यार्डात उभी असते, आणि लग्नसराईत किंवा गणपतीत हौद्यावर अठरा इंची बेसच्या थप्प्या रचून मिरवणुकीत. पोती उतरवून वैरागच्या रस्त्यानं रिकामी गाडी परत नेणाऱ्या ड्रायव्हरला वरातीतला तो छातीत बसणारा दणका आठवतो. यातला थोडा तरी आपल्या केबिनमध्ये का असू नये, असं वाटून तो कार डेकोरच्या दुकानात जातो. मग जे बोलणं होतं ते साधारण असं:

‘‘मालक, बारा इंची बसंल का ह्यात?’’

‘‘बसंल की. मग तुमी कुठं बसणार तेवढं सांगा.’’

कोटी खरी आहे. सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात वीतभरही जागा नसते. सीटखाली जॅक, टॉमी, पाने आणि ताडपत्रीच्या दोऱ्या आधीच मुक्काम ठोकून असतात. छोटा हत्ती असेल तर विषयच संपला, सीट उचललं की खाली इंजिनच. बोलेरो कॅम्परसारख्या डबल केबिनला मागचं सीट तरी मिळतं. एरवी सगळा मामला बोटांनी मोजायचा.

पण या अडचणीच्या पोटात एक भन्नाट गोष्ट दडलेली आहे. बेसच्या बाबतीत केबिनचं लहानपण हे भांडवल आहे. कसं ते आकड्यांतच बघू या, कारण आकडेच इथं थक्क करतात.

दहा इंची सबवूफरचा हलणारा कोन साधारण ३३० चौरस सेंटिमीटरचा भरतो. तो एक सेंटिमीटर पुढे आला की ३३० घनसेंटिमीटर हवा ढकलली जाते. म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा, तांब्याभरही नव्हे. आता केबिनमधली हवा धरा सुमारे ३,००० लिटर. दारं बंद, काचा बंद. या कोंडलेल्या हवेत लिटरचा तिसरा हिस्सा दाबून बसवला तर दाब वाढतो जेमतेम १५ पास्कलनं. वातावरणाचा दाब लाखाच्या घरात असतो, त्यापुढे हे १५ म्हणजे सहा-सात हजारांत एक. जमिनीपासून वर चढताना दर मीटरला हवेचा दाब ११-१२ पास्कलनं उतरतो. रस्त्यावरून पिकअपच्या हौद्यात चढलं तरी जवळपास याच तोलाचा फरक पडतो आणि कुणाच्या कानाला त्याची खबरही लागत नाही. पण हाच फरक सेकंदाला चाळीस वेळा वर-खाली झाला, तर हिशेबानं ध्वनिमापकाचा आकडा ११४ डेसिबलवर जातो. म्हणजे ड्रायव्हर जागचा हललेला नाही, आणि त्याच्या कानाचा पडदा मात्र सेकंदाला चाळीस वेळा हौद्यात चढून उतरतोय.

आता तोच वूफर केबिनमधून काढून मोकळ्या मैदानात ठेवा. कोन तेवढाच हलतोय, सूर तोच, ४० हर्ट्झचा. एक मीटरवर १०३ डेसिबल मिळतील. दहा मीटरवर उरतात ८३. केबिनच्या तुलनेत ३१ डेसिबलची तूट. ती भरून काढायची तर पस्तीसपट हवा हलवावी लागेल. असे पस्तीस दहा इंची, किंवा तेवढाच हलणारे दहा अठरा इंची. मिरवणुकीतल्या पिकअपवर रचलेल्या थप्प्यांचं गणित हे आहे. त्यात दिखाऊपणा नसतो असं नाही, पण उघड्या आभाळाखाली बेस वाजवणं मुळातच महागडं काम आहे. शंभर लोकांच्या छातीत जो दणका बसवायला जनरेटर आणि हौदाभर पेट्या लागतात, तो एकट्या ड्रायव्हरच्या छातीत बसवायला सीटमागचा एक वूफर पुरतो.

असं का होतं? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर पळतो (बार्शीच्या उन्हाळ्यात, चाळीस अंशांना, ३५५ मीटर). ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट त्या हिशेबानं साडेआठ मीटर लांब. ही लाट दीड मीटरच्या केबिनमध्ये मावणार कशी? मावतच नाही. लाट तयार व्हायला जागाच नसल्यामुळे केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल सुटते. डॅशबोर्डपाशीही तोच दाब, सीटमागेही तोच. बंद केबिनमधला खोल बेस हा फुग्यात हवा भरण्या-सोडण्याचा प्रकार आहे, फक्त अफाट वेगानं केलेला.

केबिनची सर्वांत लांब बाजू अर्ध्या लाटेपेक्षा तोकडी पडू लागली की हा प्रकार सुरू होतो. सिंगल केबिनला ती हद्द १०० हर्ट्झच्या आसपास येते, डबल केबिनला सत्तरच्या. त्याखाली प्रत्येक सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तेव्हा, केबिन आपल्या पदरचे १२ डेसिबलपर्यंत घालते. पत्रा लवतो, दाराच्या रबरातून हवा झिरपते, त्यामुळे पुरते बारा हातात पडत नाहीत, पण मिळतात तेही फुकटच. आणि सिंगल केबिनला हे अनुदान डबल केबिनच्या आधी सुरू होतं. आलिशान मोठ्या गाडीवाल्याला जे विकत घ्यावं लागतं, ते पिकअपवाल्याला अडचणीनं दिलेलं असतं.

आता पेटीकडे वळू. वूफर नुसता वाजत नाही. कोन पुढे जाताना समोर हवा दाबतो, त्याच क्षणी मागे ती विरळ करतो. दोन्ही एकमेकांना भेटले की हिशेब शून्य. म्हणून मागची बाजू पेटीत कोंडायची. पण पेटी लहान केली की आतली हवा कोनाला हलू देत नाही, आणि मोठी केली की गाडीत बसत नाही. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावात जो ‘एच’ आहे, तो जे. अँटन हॉफमन यांचा. विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव. त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक नियम मांडला, तो आजतागायत ‘पोलादी नियम’ म्हणून ओळखला जातो. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच मिळतील. पेटी निम्मी केली तर तेवढ्याच खोल बेसला दुप्पट वॅट मोजा. पेटी तीच ठेवून ४० हर्ट्झऐवजी २० हवेत, तर आठपट मोजा. दुकानातला कुठलाही चकचकीत खोका या नियमातून सुटलेला नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

पिकअपमध्ये जागा ठरलेलीच असते, तेव्हा तिन्हींतली पहिली गोष्ट आपण निवडलेलीच नसते, ती गाडीनं निवडलेली असते. उरलेल्या दोनांपैकी खोल बेसचा बराच भार केबिन उचलते. राहता राहिले वॅट, आणि ते आजकाल स्वस्त आहेत. म्हणजे नियम मोडला नाही, पण तो जिथं चावतो तिथं आपली गाडी आधीच पॅड बांधून उभी आहे.

इथं एडगर व्हिलचर यांचं नाव घ्यायलाच हवं. १९५४ साली त्यांनी एआर-१ नावाचा स्पीकर बाजारात आणला. तोवर कोनाला जागेवर परत आणायचं काम कोनाच्या कडेचं ताठ कापड-कागद करायचं, आणि ते ताठपण पुढे एक आणि मागे एक असं असमान असायचं. त्यामुळे आवाज फाटायचा. व्हिलचरनी ती कड मुद्दाम ढिली केली, पेटी हवाबंद केली आणि कोनाला परत ओढायचं काम कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग दोन्ही बाजूंना जवळपास सारखी ओढते. शत्रू समजलेली लहान पेटी अचानक यंत्राचा भाग झाली. बंद पेटीचा बेस तिच्या हद्दीखाली सप्तकाला १२ डेसिबलनं उतरतो. आणि बंद केबिन, वर बघितलं तसं, सप्तकाला बारापर्यंत चढवते. एकाचा उतार, दुसऱ्याचा चढ. व्हिलचरच्या डोळ्यांसमोर घरातला दिवाणखाना होता, बार्शीची पिकअप नव्हे, पण गणित इतकं चपखल जुळतं की मुद्दाम आखल्यासारखं वाटावं.

मग पेटीला भोक पाडून पाइप बसवतात ती? त्या पाइपातली हवा विशिष्ट सुराला डोलते आणि तिथं बेस वाढवते, खरं आहे. पण तिला जागा जास्त लागते, पाइपालाही जागा लागते, आणि त्या सुराखाली बेस दुप्पट वेगानं, सप्तकाला २४ डेसिबलनं कोसळतो. सीटमागच्या फटीत तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

जागेचा हिशेब एकदा कागदावर करून बघाच, डोळे उघडतात. समजा सीटमागं ९० सेंटिमीटर रुंद, ३५ उंच आणि १२ खोल पेटी बसते. बाहेरून माप झालं जवळपास ३८ लिटर. सुताराला १८ मिलिमीटरचा प्लाय वापरायला सांगितलात, की सगळ्या बाजूंनी तेवढी तेवढी जागा लाकूडच खातं. आतून उरतात ८६.४ गुणिले ३१.४ गुणिले ८.४, म्हणजे पावणेतेवीस लिटर. चाळीस टक्के जागा लाकडानंच गिळली. त्यातून वूफर स्वतः एखादा लिटर व्यापणार. खोलीचं तर विचारूच नका. पुढची फळी धरून १०२ मिलिमीटर मिळाले, त्यात वूफरच्या मागच्या चुंबकाला श्वास घ्यायला बोटभर सोडलं की ८०-८५ मिलिमीटर खोलीचाच वूफर बसणार. असे चपटे वूफर मिळतात. नेहमीच्या दहा इंचीची खोली १३०-१४० च्या पुढे जाते, तो इथं बसणारच नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘किती इंची’ हा विचारायचाच नाही. पहिला प्रश्न खोलीचा, दुसरा पेटीच्या लिटरचा. इंच आपोआप ठरतात.

रुंदीवरून ताकद ठरत नाही हे बार्शीकरांना कुणी सांगायला नको. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी-बार्शी रेल्वे सुरू केली ती अवघ्या अडीच फुटी रुळांवर, ब्रॉडगेजच्या निम्म्याहून अरुंद. पण त्यानं गाड्यांचा भार प्रत्येक आसावर पाच टनांपर्यंत असा सारखा वाटला, की त्या हलक्या रुळांवरून भरघोस माल गेला. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी त्या ‘बार्शी लाईट’चा अभ्यास केला. आता ती लाइन ब्रॉडगेज झाली, हा भाग वेगळा.

वूफरबरोबर एक कागद येतो. बहुतेक जण तो डब्यासकट टाकून देतात, आणि खरा माल त्यातच असतो. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफरची कुंडली मांडायची रीत घालून दिली. तिच्यातला ‘व्हीएएस’ हा आकडा मला सगळ्यांत आवडतो. वूफरच्या कडेचं ताठपण किती, हे तो चक्क लिटरमध्ये सांगतो. किती लिटर कोंडलेली हवा या कडेइतकी ताठ असेल? वीस लिटर लिहिलं असेल, तर वीस लिटरच्या पेटीत कड आणि हवा समसमान जोर लावतात. दुसरा आकडा ‘क्यूटीएस’, कोन ढकलल्यावर किती लवकर थांबतो याचं माप. समजा तो ०.५ आहे. वीस लिटरच्या पेटीत बसवल्यावर तो ०.७ होतो, आणि बंद पेटीला हा आकडा आदर्श मानतात. दहा लिटरची पेटी केली तर ०.८७, चालून जाईल, बेस जरा फुगीर. पाच लिटरमध्ये कोंबला तर १.१ च्या वर. मग प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमत राहतो, आणि ढोलकी असो की संबळ, दोन्ही रिकाम्या पिंपावर वाजवल्यासारखी वाटतात. कागदावर ०.४ ते ०.७ मधला क्यूटीएस दिसला, की लहान बंद पेटीला तो वूफर मानवेल असं समजायला हरकत नाही.

जागा फारच कमी असेल तर पेटीत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरायचा. गादीवाल्याकडे उशीसाठी मिळतो तो. भरल्यावर पेटी लहान व्हायला हवी ना? उलट होतं, ती मोठी झाल्यासारखी वागते. हवा दाबली की क्षणभर तापते, आणि तापल्यामुळे आणखी ताठ होते. तंतू ती ऊब शोषून घेतात, सैल पडताना परत देतात, आणि हवा मऊ होते. ही ऊब पुरतीच शोषली गेली तर पेटी ४० टक्के मोठी भासेल. प्रत्यक्षात तेवढं साधत नाही, तरी उशीतल्या कापसानं दोन-चार लिटर कमावून देणं ही काही लहान गोष्ट नाही. लाकूड मात्र पाण्याला टिकणारं घ्या. सर्व्हिसिंगला केबिनमध्ये पाण्याचा फवारा मारणारे बहाद्दर असतात, आणि एमडीएफ पाणी प्यायलं की पोळीसारखं फुगतं.

इथवर सगळं काचा बंद धरून चाललंय. मालवाहू पिकअपला एसी बहुतेक नसतो, आणि एप्रिलमध्ये बार्शीच्या परिसरात काचा लावून गाडी चालवणं ही तपश्चर्या आहे. काच उघडली की काय होतं? केबिनमधली हवा आणि खिडकीतली हवा मिळून एका ठरावीक सुराला डोलू लागतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात उलगडलेला हाच तो प्रकार. वेगात असताना एकच काच खाली केली की कानात धप-धप होतं, ते याचंच. पिकअपच्या केबिनला हा सूर किती काचा उघड्या आहेत त्याप्रमाणे साधारण २० ते ३५ हर्ट्झमध्ये पडतो. त्या सुराच्या आसपास बेस वाढतो, त्याच्या खाली मात्र दाब खिडकीतून सरळ निघून जातो. तेव्हा काचा उघड्या ठेवून फिरणाऱ्यानं २५ हर्ट्झची हाव सोडावी. ४० ते ६० मध्ये जो वूफर खणखणीत आहे, तो त्याचा.

त्यातही एक स्पर्धक आधीच बसलेला असतो, बॉनेटखाली. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला अठराशे फेरे म्हणजे सेकंदाला साठ स्फोट, ६० हर्ट्झ. ऐन बेसच्या मध्यावर. गाडी नुसती उभी असताना, आठशे फेऱ्यांवर, २७ हर्ट्झ. आपण ज्याला घरघर म्हणतो तो बेसच आहे, आणि सबवूफरला त्याच्यावरून ऐकू यावं लागतं. त्यात कानही खालच्या सुरांना बहिरट. मधल्या सुरांत ६० डेसिबलला जेवढं मोठं वाटतं, तेवढं ४० हर्ट्झला वाटायला नव्वदीच्या पुढे जावं लागतं. (याचाच एक फटका मिरवणुकीत बसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजतात कानाच्या या बहिरेपणाला धरून, त्यामुळे ५० हर्ट्झचा आवाज मीटर सुमारे ३० डेसिबलनं कमी धरतो. वाड्यांच्या खिडक्यांना ही सवलत कळत नाही, त्या थरथरतात.)

वॅटचं थोडक्यात. डब्यावर पीएमपीओ म्हणून हजारो वॅट छापलेले असतील तर ते वाचून हसावं आणि पुढे जावं. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, तेवढे बघावेत. सीटमागच्या दहा इंचीला खरे ३०० वॅट भरपूर होतात. ऐंशी टक्के कार्यक्षमतेचं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, धरलं तरी त्यासाठी बॅटरीतून पंचवीस-सत्तावीस अँपिअर ओढले जातात, म्हणून वायर जाड आणि आतून-बाहेरून तांब्याची हवी. वरून तांबं नि आत अ‍ॅल्युमिनियम नको. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. तो मशीनपाशी लावला तर मशीन वाचेल, पण मधली वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटायची.

८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची, डोक्यापुढे ती इतकी मोठी की आवाज उजवीकडून आला का डावीकडून, हे दोन्ही कानांना मिळूनही ठरवता येत नाही. म्हणून सबवूफर सीटमागे असो की सीटखाली, बेस समोरून आल्यासारखाच वाटतो. त्याचा ठावठिकाणा फोडते ती टॉमी. जॅकच्या कप्प्यात ती खडखडली की कान लगेच मागे वळतो. जॅक-पाने जुन्या गोधडीत गुंडाळणं, दाराच्या पत्र्याला आतून जाड पट्टी चिकटवणं, नंबरप्लेटमागे फोमचा तुकडा सरकवणं, ही कामं मशीन घेण्याच्या आधी करावीत. ती झाली की वूफरला ८० हर्ट्झच्या वर वाजू द्यायचं नाही, आणि मशीनवर ० आणि १८० असं लिहिलेलं छोटं बटण असतं ते शोधायचं. गाणं चालू ठेवून ते इकडून तिकडे करायचं, आणि ज्या बाजूला बेस भरीव लागेल तिथं ठेवून द्यायचं. बहुतेक दुकानांत त्या बटणाला कुणी हातही लावत नाही.